डुलकीकाकांचा फोटो

९ जानेवारी

गेला! आवाज गेला. माझ्या घशातला नव्हे. ज्याला मी मनातल्या मनात 'आवाज' म्हणते तो गेला.

इतकी वर्षं स्क्रिप्ट माझी, तोंड त्याचं. कुठला मीम कुठून आला, पहिल्यांदा कोणी टाकला, फोटोतला माणूस खरा कोण – हे खणून काढायचं मी, आणि कॅमेऱ्यासमोर बसून "तर मित्रांनो" म्हणायचं त्याने. लोकांना वाटतं, चॅनल म्हणजे तोच. आज चहा पिता पिता सांगितलं, "मी स्वतःचं वेगळं काढतोय. मनाला लावून घेऊ नकोस. तुला तसंही कॅमेरा आवडत नाही."

मला कॅमेरा आवडत नाही हे मला आजच कळलं!

जुनं चॅनल तू ठेव म्हणाला. काय ते औदार्य! भाडेकरूने घर सोडताना भिंती ठेवून जाव्यात तसं.

१० जानेवारी

आई म्हणाली, "बरं झालं. आता तरी काहीतरी कर." काहीतरी म्हणजे नोकरी. शेजारच्या काकूंना ती सांगते की मी 'कॉम्प्युटरचं' करते.

"इतिहासाचं करते म्हण."

"कोणाच्या इतिहासाचं?"

"विनोदांच्या."

आईने माझ्याकडे असं काही बघितलं, की पहिला विनोद मीच.

२२ जानेवारी

स्वतःचं थोबाड घेऊन पहिला व्हिडिओ टाकला. केस धुतले होते, मागे पुस्तकं लावली होती. खालच्या कॉमेंटी:

"आधीचे दादा कुठे गेले?"

"ताई, जरा हसा."

"बातम्या वाचताय का?"

एकाने लिहिलंय, "माहिती उत्तम. आवाज बंद करून पाहिला." याला मात्र मी हसले. मग लॅपटॉप मिटला.

२३ जानेवारी

आज काही नाही.

४ फेब्रुवारी

डुलकीकाका! इतकी वर्षं रोज कुठे ना कुठे दिसणारा फोटो, आणि त्याच्या मुळाशी अजून कोणी गेलेलंच नाही. काउंटरच्या काचेमागे एक कारकून. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, चष्मा हनुवटीवर, हातात पेन तसंच. काचेच्या अलीकडे लांबलचक रांग. वर काहीही लिहा, चालतं. 'सोमवार.' 'ग्रुपमधला चौथा मेंबर.' 'माझं नशीब.' आम्ही दोघांनीही हजारदा फॉरवर्ड केला असेल.

आज जुन्यात जुनी पोस्ट सापडली. तिच्याखाली, पार तळाशी, एक कॉमेंट: 'हे माझे वडील आहेत. कृपया काढून टाका.' आणि त्याच्याखाली नुसते हसरे चेहरे. शेकड्यांनी. स्क्रोल करून बोट दुखलं.

कॉमेंट टाकणाऱ्या मुलीला मेसेज केलाय. उत्तर नाही आलं तरी बरंच, असंही वाटतंय.

११ फेब्रुवारी

उत्तर आलं. आज जाऊन आले.

शिवणाचं दुकान आहे तिचं. दोन मशिनी, जमिनीवर दोऱ्यांचा चिखल, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. ती बोलायला लागली तेव्हा तोंडात टाचण्या होत्या. मला उगीचच भीती वाटत होती, रागाच्या भरात गिळेल म्हणून. एकेक काढून उशीत खोचली आणि म्हणाली, "ते झोपले नव्हते, ताई. साखर एकदम उतरली होती त्यांची. चक्कर आली. समोर एवढी माणसं उभी, एकाने काचेवर टकटक केलं नाही. फोटो काढला."

फोटो फिरला. ऑफिसची अब्रू गेली म्हणून साहेबाने काकांनाच घरी बसवलं. काका 'साखर' म्हणत राहिले, साहेबाने ऐकलं नाही. मुलीचं ठरलेलं लग्नही त्याच हसण्यात मोडलं. सासरच्या मंडळींनी कारण दुसरंच दिलं म्हणे.

डुलकीकाका तिथेच होते! पडद्याजवळ स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावत होते. फोटोतल्यापेक्षा लहानखुरे दिसतात. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय आठवतं त्या दिवसाचं?" त्यांनी मान वर केली, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "त्यांना नका विचारू. त्यांना त्रास होतो." मान पुन्हा खाली.

तिची अट – फोटो दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही. "सांगायचं तर एवढंच सांगा. ते झोपले नव्हते."

शब्द दिला. परत येताना पावलं हलकी पडत होती. या धंद्यात असं वाटतं तरी कधी?

२६ फेब्रुवारी

टाकला. जन्मात इतकं नीट काही लिहिलं नव्हतं. 'रांगेतून एकही हात पुढे आला नाही. पुढे आले ते फोन.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

फोटो नाही, म्हणून थंबनेलला रिकामी खुर्ची.

आईने पूर्ण पाहिला. डोळे पुसले. मग म्हणाली, "चांगला झालाय. पण तो माणूस दिसायला कसा होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही बाई."

तेच तर करायचं होतं, आई!

३ मार्च

खुर्चीचा व्हिडिओ कोण बघणार? कोणीच नाही. एक कॉमेंट: "ही खुर्ची कुठे मिळेल?"

१२ मार्च

आवाजाने डुलकीकाकांवर व्हिडिओ केला.

फोटो पहिल्याच सेकंदाला. तोंडाभोवती लाल गोल, बाजूला बाण, वर 'सत्य ऐकून रडाल'. आणि मधोमध, शब्दाला शब्द – 'रांगेतून एकही हात पुढे आला नाही. पुढे आले ते फोन.' एवढं म्हणून तो थांबतो. चष्मा काढतो. डोळा टिपतो. ते डोळा टिपणं मला पाठ आहे. तीनदा घेतो, दुसरं ठेवतो.

सगळीकडे तोच. आईच्या व्यायामाच्या ग्रुपवरसुद्धा.

फोन केला.

"अगं, गोष्ट काय तुझ्या एकटीच्या मालकीची आहे का?"

"वाक्य माझं आहे!"

"म्हणून तर आभार मानलेत."

"कुठे?"

"खाली, डिस्क्रिप्शनमध्ये. तू बघतच नाहीस नीट."

बघितलं. अगदी शेवटी, माइकच्या जाहिरातीच्याही खाली: 'साहाय्य – एक मैत्रीण.'

१३ मार्च

सकाळीच दुकानात पळाले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते – फोटो मी दिला नाही, नाव मी सांगितलं नाही, माफ करा.

ती दारातच हसत उभी! "ताई, बघितलंत का? सगळं जग बाबांची माफी मागतंय! ते व्हिडिओवाले सर स्वतः आले होते हो, इथे बसून गेले, किती साधे आहेत."

म्हणजे आधी येऊन, विचारून गेला होता. आणि हिने हो म्हटलं होतं.

"पण फोटो दाखवला त्याने. तुम्हीच मला म्हणाला होतात की –"

"तुमचा व्हिडिओ आमच्या घरच्यांशिवाय कोणी बघितलाच नाही ना, ताई. रागावू नका." मशीनवरचा कपडा उगीच सारखा केला तिने. "फोटो तर जगाने बघितलाच होता. आधी हसून बघत होते. आता निदान रडून बघतात."

तिचं चुकलं असं म्हणायला तोंड नाही माझ्याकडे. हे लिहिताना दात मात्र आवळले जाताहेत.

काका स्टुलावर नव्हते. बरं नाही म्हणाली, पडून आहेत.

२१ मार्च

सत्कार. त्याच ऑफिसात! जुना साहेब निवृत्त झालाय, नव्या साहेबाने मोठ्या मनाने कार्यालयाची चूक मान्य केली. चूक दुसऱ्याची असली की मन किती मोठं होतं! मागे कापडावर 'उठवा, फोटो काढू नका' – आवाजाच्या मोहिमेचं नाव. स्टेजवर आवाज, मुलगी आणि मधे काका. नव्या शर्टाच्या घड्या तशाच दिसत होत्या. डॉक्टरीणबाई साखर उतरण्याच्या लक्षणांवर बोलल्या. काकांच्या हातात माइक दिला. "धन्यवाद," म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात. 'किती नम्र', 'खरा सज्जन' – खाली कॉमेंटींचा पूर.

मी फोनवर बघत होते, आई समोर मटार सोलत होती. तिने वाकून पाहिलं.

"हा माणूस असा का बसलाय गं? कोरा पेपर देऊन आलेल्या पोरासारखा?"

"आई, तू गप्प बस."

उगीच ओरडले तिच्यावर.

२७ मार्च

मुलाखत दिली. गाद्या बनवणारी कंपनी. त्यांच्यासाठी रोज मीम करायचे. समोरचा मॅनेजर माझ्याहून बराच लहान. "मीमचा इतिहास? वाव! म्हणजे ते सर करतात तसं?" – आणि आवाजाचं नाव घेतलं.

"हो. साधारण तसंच."

मिळाली नोकरी. निघताना म्हणाला, "फक्त डुलकीकाका नको हं, मॅडम. आमच्या प्रॉडक्टला परफेक्ट होता, पण आता लोक चिडतील."

आईने शेजारच्या काकूंना ताबडतोब सांगितलं. गाद्यांचं करते म्हणाली. तिला सांगताना एकदाही अडखळावं लागलं नाही.

३१ मार्च

चॅनलवर 'थांबतेय' असं लिहिलं. खाली एकाने विचारलं, "सुरू कधी केलं होतं?"

२ एप्रिल

काकांचा फोन आला. दुपारी. आवाज इतका हळू की आधी ओळखलंच नाही.

"मुलगी कापड आणायला गेलीय, म्हणून केला. मॅडम, तुम्ही खरं काय ते शोधून सांगता ना? मग कोणाला तरी सांगायला पाहिजे. मला चक्करबिक्कर काही आली नव्हती. झोपलो होतो. जेवण झालं होतं, पंखा चालू होता. मस्त झोप लागली."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"पोरगी रडायची, मैत्रिणी हसतात म्हणायची, घराबाहेर पडायची लाज वाटते म्हणायची. तिला साखर म्हणून सांगितलं. साहेबाला पण तेच सांगितलं. आता डॉक्टरीणबाईंनी स्टेजवर भाषणच केलं." मग आणखी हळू म्हणाले, "मॅडम, एक विचारू? नुसताच झोपलो असेन – म्हणजे झोपलोच होतो – तर मग ते सगळं माझ्याशी वागले, ते बरोबर होतं का?"

मी "काका –" म्हटलं. तेवढ्यात ते घाईने म्हणाले, "आली ती," आणि फोन ठेवला.