पेरूवरचा घोयरा

वांगणी, १४ ऑक्टोबर १९९१

अंगणातल्या पेरूवर घोयरा सरडा दिसला आणि सासरे काठी घेऊन धावले. "विषारी आहे, बाजूला हो." मी हललेच नाही.

त्याचा एक डोळा काठीवर, दुसरा माझ्यावर. हिरव्याचा काळपट झाला आणि वाऱ्यातल्या पानासारखा डुलत राहिला. विष नाही, धड पळताही येत नाही. एवढ्यावरच जगतो बिचारा.

"याला विष नसतं, बाबा. काठी खाली ठेवा." लग्नानंतर पहिल्यांदाच उलट बोलले. आवाज कापत होता का? असेल.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो, ठेवा ती." मग ठेवली.

ते वेगवेगळे फिरणारे डोळे अजून दिसताहेत. जेवण झाल्यावर हे हळूच म्हणाले, "बाबांची माफी माग, विषय संपेल."

कशाबद्दल मागू? नाही मागणार.