जहाजाच्या कुशीतलं भोक

प्रिय ठमे,

लष्करात ट्रक चालवणाऱ्या बाईला ठमी म्हणू नये, कळतंय मला. पण पंचवीस वर्षांची सवय एका गणवेशाने थोडीच मोडते? सोमवारी तुझी तुकडी सरहद्दीपलीकडे निघणार, हे तू कळवल्यापासून तुझ्या आईने रेडिओचा कान पिळून आवाज वाढवून ठेवलाय. बातम्यांसाठी नव्हे, आमचं बोलणं भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून.

घाबरलोय गं मी. तीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलं, दोरीला लटकून केलं, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

शत्रूच्या बोटीने ज्या जहाजावर गोळा मारला म्हणून आपलं सैन्य निघालं, ते जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच गोदीत आलं. मी आणि माझ्या जोडीला काम करणारा लंबू शिडी लावून वर चढलो आणि कुशीतलं भोक पाहिलं. बाहेरून मार बसला तर पत्रा आत वळतो, हे काल लागलेल्या कामगारालाही कळतं. इथे भोकाच्या सगळ्या कडा बाहेर वळल्या होत्या. स्फोट जहाजाच्या आतच झाला होता.

दुरुस्तीचं नाव नाही. साहेब म्हणाले, कडा तापवा आणि आत ठोका, दुपारी फोटोवाले येणार आहेत. लंबूने विचारलं, का म्हणून? मी विचारलं नाही. म्हटलं, वरच्यांचं काही असेल, आपल्याला काय करायचंय. गॅस पेटवला, घण उचलला आणि चार तासांत काम चोख करून दिलं. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला बरंही वाटलं.

आठवड्याभरात लंबूची बदली झाली म्हणे. कुठे, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. ती बिचारी रोज गोदीच्या फाटकाशी येऊन उभी राहते, आणि मी मागच्या फाटकाने घरी येतो. आपल्या घरासमोर हल्ली एक माणूस मोटारीत पेपर वाचत बसतो. दिवसभर एकच पेपर. तुझी आई म्हणते, मेल्याला अक्षरओळख नसेल. हसते, आणि पडदा ओढून घेते.

ठमे, युद्ध कुणी जाहीरच केलेलं नाही. एक वकीलबाई कोर्टात गेल्यात, की सभागृहाला न विचारता सैन्य धाडणं बेकायदा आहे. सरकारचं उत्तर एकच, हे युद्ध नाहीच, हा बचाव आहे, आधी वार त्यांनी केला. पुरावा म्हणून त्या भोकाचा फोटो जोडलाय. म्हणजे माझं काम. मी ठोकलेला पत्रा दाखवून तुला मरायला पाठवतायत.

काल मी वकीलबाईंना सगळं लिहून, सही करून दिलं. परवा अकरा वाजता कोर्टात उभा राहून तेच सांगणार आहे. तुला आधी विचारलं असतं तर तू थांबवलं असतंस, आणि मी भित्रा, थांबलोही असतो. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून मावशी हे पत्र हातोहात आणून देईल. वाचून जाळून टाक. आता सरकारी माणसं तुला बोलावून विचारतील. माझी बाजू घेऊ नकोस. बापाचं डोकं फिरलंय, माझा त्याच्याशी संबंध नाही, असं सांग. लिहून मागितलं तर लिहून दे, सही करायला कचरू नकोस. मला त्याचं वाईट वाटणार नाही, एवढंच तुला त्याआधी कळायला हवं होतं.

तू काहीही लिहून दिलंस तरी तुझाच,
बाबा