आईच्या झाडाची साल

मंगळवार, दिवेलागण

आज रफीक नारळ पाडायला आला होता. परसातल्या तमालपत्राच्या झाडापाशी थांबला, बुंध्यावरून गोल बोट फिरवलं नि म्हणाला, "काका, साल चौफेर काढलीत?"

मीच काढली, गेल्या आठवड्यात. मुंबईहून लेकीचा फोन होता, आईच्या झाडाची दालचिनी पाठवा म्हणून; तमालपत्राची साल म्हणजेच आमची दालचिनी. तिची आई, सुधा, असताना एखाद्या फांदीचीच पट्टी सोलायची. वीस वर्षं बघत होतो, तरी कसं सुचलं नाही मला?

म्हटलं, "पानं तर हिरवीगार आहेत रे."

"राहतील थोडे दिवस. पण चौफेर सोललं की मुळांना अन्न पोचत नाही. झाड गेलं, काका. सोललंय त्याच्या खाली कापा, बुडातून फुटवे येतील."

म्हणजे तिने लावलेलं झाड मीच कापायचं. करवत काढून ठेवलीय. मघाशी पुन्हा जाऊन पाहिलं. पानं हिरवीगारच. एक चुरगळून हुंगलं, वासही तोच.

सुधाही शेवटच्या महिन्यात अशीच टवटवीत दिसायची. डॉक्टर सांगत होते, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून म्हणत होतो, हिला कुठे काय झालंय?