खांद्यातला कट् आवाज

अण्णा,

आज क्लिनिकमध्ये एक आयटीवाला आला होता. खराडीत माझ्याकडे येतात ते बहुतेक तसलेच. वर्षभर लॅपटॉपपुढे मान घालून बसायचं आणि हात डोक्यावर जाईना झाला की धावत यायचं. त्याला आडवं झोपवलं, एका हातात कोपर, दुसऱ्यात मनगट धरून त्याचा हात हळूहळू वर नेला. अडला तिथे थांबले, तर म्हणतो कसा, ‘‘मॅम, क्रॅक नाही करणार? रील्समध्ये कसला भारी आवाज येतो!’’ मी म्हटलं, ‘‘आवाजाचा आणि बरं होण्याचा काडीचा संबंध नाही. आवाजच हवा असेल तर घरी जाऊन पापड मोडा.’’ अगदी तुमचा सूर लागला हो! माझं मलाच हसू आवरेना, कारण माझ्याकडे ही मागणी सगळ्यात आधी तुम्हीच केली होती.

बुधवार पेठेतल्या आपल्या सलूनमध्ये कटिंग झालं की तुम्ही गिऱ्हाइकाची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोडून द्यायचात. त्या ‘कट्’साठी लोक लांबून यायचे. मी फिजिओथेरपी शिकून आले आणि भर दुकानात तुम्हाला सांगितलं, अण्णा, हे बंद करा, एखाद्याला महागात पडेल. तुमची कात्री थांबलीसुद्धा नाही. ‘‘इतक्या वर्षांत एकही मान तक्रार घेऊन परत आलेली नाही,’’ म्हणालात. सगळं दुकान हसलं आणि मी तणतणत घरी आले. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मान मोडणं सोडून दिलंत, हे मला आईकडून कळलं. माझ्यासमोर कबूल कराल तर ते तुम्ही कसले!

मग तुमचाच उजवा खांदा धरला. जन्मभर हात उचलून कात्री चालवलेली, त्यात शुगर. घरात हक्काची डॉक्टरीण होती, पण तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही काय केलंत, तर गिऱ्हाइकाची खुर्ची खाली घेतलीत. हात वर जात नाही ना, मग डोकंच खाली आणू! दर आठवड्याला आणखी थोडी खाली. एक रिटायर्ड मास्तर दाढीला यायचे, त्यांचे गुडघे छातीला टेकायला लागले तेव्हा ते म्हणाले, ‘‘काय हो, दाढी करताय की पाटावर बसवून जेवायला वाढताय?’’ तेच मला रस्त्यात भेटले आणि सगळं बाहेर आलं. हात वर न्यायचाच नाही म्हटल्यावर तो आणखी आखडणार, हे सांगायला मी तरातरा घरी आले, तर स्वयंपाकघरात आई डोळे पुसत होती. ‘‘दिवाळीपर्यंत बघतो म्हणालेत, नाहीतर दुकान देऊन टाकणार,’’ ती म्हणाली. माझा सगळा राग तिथेच उतरला. दुकान दिल्यावर तुम्ही दिवसभर घरात करणार काय, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

मग मी रोज दुकानातच यायला लागले. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर उताणे पडलेले आहात. मी खांदा शेकते, हात हातात घेते. ‘‘अण्णा, सैल सोडा.’’ ‘‘सोडलाय की!’’ मी माझे हात काढून घेते, तर तुमचा हात हवेत तसाच उभा. ‘‘हा सोडलाय?’’ तुम्ही छताकडे बघत म्हणता, ‘‘त्याला सवय आहे उभं राहून काम करायची.’’ रोज हेच. मी बोटभर वर नेणार, थांबणार, श्वास सोडा म्हणणार, आणि तुम्ही दातावर दात दाबून खांदा असा आवळून धरणार की पुढे सरकायची सोयच नाही. वर ऐकवणार, ‘‘एवढी वर्षं कॉलेजात घालवून नुसतं कुरवाळायला शिकलीस होय? कट् आवाज काढ. आवाज आल्याशिवाय इलाज कसला?’’ मी समजावून थकले. खरं सांगू, घाबरलेही होते, कारण दिवस चालले होते आणि हात होता तिथेच होता.

आणि एका दुपारी आवाज आला. कट्! तुमच्या कानाजवळ, चांगला खणखणीत. ‘‘सुटला!’’ तुम्ही ओरडलात, मोठा श्वास सोडलात आणि तुमचा हात पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, सगळ्या वजनासकट माझ्या हातात आला. त्यानंतर काम सोपं झालं. लगेच नाही, महिने गेले, पण रोज थोडं थोडं वर जात राहिलं आणि खुर्चीही तशीच वर येत गेली. दिवाळीच्या गर्दीत तुम्ही ताठ उभे राहून कटिंग करत होतात आणि मास्तरांचे पाय पुन्हा नीट खुर्चीच्या पायरीवर टेकले होते. दुकान पुढे कितीतरी वर्षं तुम्हीच चालवलंत, अगदी शेवटच्या आजारापर्यंत.

हे पत्र कुठे टाकायचंच नाहीये, म्हणून सांगून टाकते. तो आवाज तुमच्या खांद्याचा नव्हता. मी तुमच्या कानामागे माझा अंगठा मोडला होता. इतकी वर्षं वाटायचं, काय फसवलं मी अण्णांना! पण आज त्या आयटीवाल्याला घालवून चहा घेत बसले आणि एकदम लक्षात आलं. अहो, जन्मभर लोकांच्या माना मोडलेला माणूस तुम्ही. अंगठा कुठला आणि खांदा कुठला, हे तुम्हाला कळलं नसेल? पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात, ‘‘माझ्या पोरीनं एका फटक्यात कट् काढला, तिच्या हाताला गुण आहे.’’ तेव्हाच एकदा विचारायला हवं होतं, की तुम्हाला ठाऊक होतं का. विचारलं नाही. विचारलं असतं, तर तुम्ही ते सांगायचं थांबवलं असतं. आणि मी संध्याकाळी मुद्दाम दुकानावरून जायचे, शटरच्या आडोशाला उभी राहून तेवढं ऐकायचे आणि मग घरी यायचे.