आमच्या वॉर्डाचं संशयास्पद समाधान

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. निमित्तही तसंच आहे. हॉस्पिटलचा कर्मचारी नोकरीत समाधानी आहे का, हे वॉर्डावॉर्डात जाऊन विचारायचं काम कोण करेल, असं सुपरिंटेंडेंट साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं. माझा हात आपोआप वर गेला. बाकीच्यांचे खाली का राहिले, याची नोंद घेतली आहे.
काम नीट झालं तर आयसीयूच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला माझं नाव जाईल. ट्रेनिंगनंतर कायम नेमणूक. घरातली पहिली पदवीधर मी. बाबांनी गल्लीत पोरगी कायम झाली असं सांगूनही टाकलंय. आता मागे फिरता येत नाही.

४ मार्च
सर्जरी वॉर्ड असमाधानी. लहान मुलांचा वॉर्ड असमाधानी. रक्तपेढीवाले असमाधानी, शिवाय त्यांनी मला हाकललं. ओपीडीतल्या क्लार्कनी तोंडाने उत्तर दिलं नाही, फक्त स्वतःची खुर्ची दाखवली. तिला तीन पाय होते. सगळं अपेक्षेप्रमाणे.

५ मार्च
आज आमचा वॉर्ड घेतला. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. दोन खाटांमध्ये तिसरा पेशंट जमिनीवर. लिफ्ट बंद. आणि सगळे समाधानी!
इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, सुखात आहोत गं बाळा, देवाची कृपा. माझ्या पाळीतली दुसरी नर्स म्हणाली, मी तर माहेरपणाला आल्यासारखी येते बाई. (हिला सगळे झुळूक म्हणतात. येते कधी, जाते कधी, कळत नाही.) वॉर्डातले मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, निवृत्तीला आलेत. ते म्हणाले, सिस्टर, असे दिवस उभ्या नोकरीत पाहिले नाहीत.
पाणी कुठेतरी मुरतंय.

६ मार्च
मामांना बेसावध गाठलं. हे सुख कधीपासून, असं विचारलं. ते म्हणाले, तुम्ही रुजू झालात ना सिस्टर, साधारण तेव्हापासून.
म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांदेखत सुरू झालं आणि मला पत्ता नाही!

९ मार्च, दुपार
पाळत सुरू. राउंड संपल्याबरोबर झुळूक लिनन रूममध्ये गेली. मागोमाग इन्चार्ज सिस्टर. मग मामा, इकडेतिकडे बघत. मी पाठलाग केला, पण वाटेत एकाचं सलाईन संपलं. ते बदललं. झुळुकेची इंजेक्शनं राहिली होती, ती दिली. एका आजोबांना उलटी झाली. तोवर तिघं बाहेर आले होते. चेहरे टवटवीत. तिथे चादरींशिवाय काही नसतं. चादरी विकतात की काय?

१२ मार्च
निश्चय: आज कोणाचंही काम अंगावर घ्यायचं नाही. फक्त निरीक्षण.
इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, तुझं अक्षर म्हणजे मोती गं, एवढे चार्ट लिहून टाक. त्या टेबलावरून लिनन रूमचं दार दिसतं, म्हणून मुद्दाम हो म्हटलं. मामांची कंबर धरली, तेव्हा एक्स-रेला स्ट्रेचर मी ढकलत नेलं. तोही चौकशीचाच भाग. उतारावर ते स्ट्रेचरच मला ओढत होतं.
आई म्हणते, मी घास हातात धरून झोपते. मी डोळे मिटून विचार करत होते, हे तिला सांगून उपयोग नाही.

१६ मार्च, सोमवार
धाड घातली. दार एकदम उघडलं.
आत इन्चार्ज सिस्टर स्वेटर विणत होत्या. मामा पत्त्यांचा पेशन्स खेळत होते, एकटेच, आणि तरी फसवत होते. झुळूक चादरींच्या गठ्ठ्यावर आडवी. इन्चार्ज सिस्टर जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ये ये, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला, आत्ता तुझंच कौतुक चाललं होतं. झुळुकेने एक डोळा उघडला आणि विचारलं, अगं तू इथे, मग बाहेर कोण आहे?
मी धावत बाहेर आले.
पुरावा काहीच मिळाला नाही. मी येणार हे त्यांना आधी कळलं असणार. फितूर कोण, ते शोधायला हवं.

१८ मार्च
अहवाल दिला. प्रामाणिकपणे लिहिलं: आमचा वॉर्ड हॉस्पिटलमध्ये सर्वांत समाधानी, कारण अज्ञात, सखोल चौकशी व्हावी. ट्रेनिंगचा अर्जही दिला. तो वाचताना इन्चार्ज सिस्टरांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, तू गेलीस तर आमचं कसं व्हायचं गं? मलाही भरून आलं. माणसं मनाने वाईट नाहीत. फक्त काहीतरी लपवतात.

२३ मार्च
साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. अहवाल उत्तम आहे म्हणाले. एवढ्या हॉस्पिटलमध्ये एक वॉर्ड सुखी आहे, तिथली घडी मोडायची नाही. त्यात आमचा सगळा वॉर्ड त्यांना भेटून गेला होता म्हणे, कोणालाही पाठवा, पण हिला नको, असं सांगायला. झुळूक तर चक्क वेळेवर आली होती. मामा जिने चढून गेले. कंबर तेव्हा बरी होती!
ट्रेनिंगला सर्जरी वॉर्डातली एक जण जाणार. साहेब म्हणाले, ती गेल्याचं तिथे कोणाला कळणारसुद्धा नाही. मला मात्र शेजारचा वॉर्डही अर्धा दिवस दिलाय. तुमच्या हाताला गुण आहे सिस्टर, असं म्हणाले.
त्यांच्या खोलीत नुकतंच फिनेल मारलं होतं. डोळ्यांतून पाणी थांबेना.

२४ मार्च
बाबांना सांगितलं, हॉस्पिटल मला सोडायलाच तयार नाही. ते लगेच चपला घालून गल्लीत सांगायला गेले. मी अडवलं नाही.
शेजारच्या वॉर्डात पहिला दिवस. सकाळी तिथला प्रत्येक जण असमाधानी होता, मी स्वतः विचारलं. दुपारी पुन्हा विचारायला गेले, तर विचारायला कोणी जागेवरच नव्हतं. पेशंट तेवढे सगळे होते.
हे सलाईन बदललं की बघते, कुठे गेलेत ते.