तारांची टोपी आणि अक्काचं तेल

ती. अक्कास, दोंडाईच्याहून धाकट्या वनाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? यावलच्या उन्हात केळीच्या बागेत फिरू नकोस (ऐकणार नाहीसच, तरी सांगतो). आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे काल दुपारपासून बरे आहोत. त्याआधी माझा जीव टांगणीला लागला होता.

झालं असं, की मुलं गणित करतात तेव्हा मेंदूत काय चालतं ते बघायला ममताबाई नावाच्या संशोधक तारांची टोपी घेऊन शाळेत आल्या. चौथीतून आपल्या पुनमचं नाव निघालं आणि नातीने जेवण सोडलं. मला हळूच विचारते, “आबा, मना डोकामा काहीच नई दिसनं ते?” मी हसून उडवलं (आतून मलाही तीच धास्ती, आपल्या घरात पाढे कुणाला धड येतात, सांग).

काल सकाळी शाळेत पाहतो तर पोरीच्या वेण्यांतून तेल ठिबकतंय! तू पाठवलेलं ब्राह्मीचं तेल, अख्खी बाटली. तेलकट डोक्यावर तारा टिकेनात. मी सुनेवर भडकलो, सून माझ्यावर (दिपमालाचा आवाज तुला माहीत आहेच). ममताबाईंची गाडी धुळ्याला निघायच्या बेतात. शेवटी बाईंनीच नळाखाली पुनमचं डोकं शाम्पूने धुतलं. तुझं तेल कसलं सुटतंय! पोरगी रडतेय, मी गमछ्याने केस पुसतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

टोपी बसली एकदाची. बेरजा झाल्या, पण हातच्याच्या वजाबाकीला पुनम अडली. मला यंत्राच्या पडद्याकडे बघायचं धैर्य होईना. बाई मात्र तिला पडदा दाखवून म्हणाल्या, हे यंत्र हुशारी मोजत नाही, पण बघ, तू अडलीस तिथेच तुझा मेंदू जास्त राबत होता. पुनम बघतच राहिली. “म्हणजे मी अडकस तव्हय बी मनं डोकं चालूच ऱ्हास?” अक्का, मला रडू आलं. गमछा आधीच ओला होता, म्हणून कुणाला कळलं नाही.

तुझा,
वना

ता. क. – सुनेची माफी मागितली. ‘डोक्याला तेल लावू नका’ असा शाळेचा निरोप होता. तो पुनमने आमच्यापर्यंत येऊच दिला नाही आणि टोपी बसू नये म्हणून बाटली स्वतःच ओतून घेतली. (हिला ढ म्हणायचं?)

दुसरा ता. क. – दिवाळीत तू पाहुण्यांसमोर म्हणालीस ना, “हिना डोकामा दगड शे”? तो दगड सगळ्या शाळेला दिसेल, याची तिला भीती होती. आखाजीच्या सणाला येशील तेव्हा तेल खुशाल आण. तो शब्द मात्र यावललाच ठेवून ये.