जास्तकमी

३ मार्च २०२५, सोमवार
सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलो. चहा केला. पेपर वाचला. दिवसभर कुणाचा फोन नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला — साखर २१२. वासंती होती तोवर दीडशेच्या वर कधी गेली नव्हती. तिला जाऊन चार महिने झाले.
भोपळ्याच्या बिया खायच्या बंद केल्या, त्यामुळेच!

४ मार्च
डोंबिवलीहून देवयानीचा फोन. "बाबा, आईनं सोललेल्या बियांचा डबा आहे ना अजून? मग खा की!"
खाल्ल्या की संपतील. हे मुलीला काय सांगणार! "बघतो" म्हटलं.

५ मार्च
नौपाड्यातल्या डॉक्टर ब्रेंडा, वासंतीबरोबर गेलो होतो तेव्हा, हौसेने मराठीतून समजावत होत्या — "झिंक म्हणजे आपलं जस्त. चिमूटभरच लागतं, पण शरीराला इन्सुलिन साठवायला ते हवं. काका, तुमच्यात जस्त कमी आहे."
मला ऐकू जरा कमीच येतं. म्हटलं, "जास्त की कमी? एक काय ते सांगा!"
वासंती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. तेव्हापासून जस्तासाठी खायच्या लाल भोपळ्याच्या बियांचं आमच्या घरातलं नाव जास्तकमी. रोज संध्याकाळी टेंभी नाक्यापर्यंत चालायचो. तिथे पोचल्यावरच तिची मूठ उघडायची. वाटेत मागितल्या तर — "अहो, आधी नाका!"
हा शब्द कळणारं आता दुसरं कुणी नाही.

७ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. बियांचं सांगितलं.
"काका, जस्त आता व्यवस्थित आहे. कमी असेल तरच भरून काढायचं. वर आणखी खाऊन साखर उतरत नाही. चालायला जाता?"
"नाही."
"कधीपासून?"
"चार महिने झाले," म्हटलं. साखर अशीच राहिली तर इन्सुलिनची सुई सुरू करायची म्हणाल्या.

८ मार्च
बूट काढले. पुसले. परत ठेवले.

९ मार्च, रविवार
आधी नाका. मग तिथेच डबा उघडला — बिया खवट! एवढ्या जपल्या, आणि खवट. एक तरीही चावून गिळली.
येताना भोपळ्याची फोड घेतली. भाजीवाली सुरीने बिया काढायला लागली. "नको, राहू द्या!" जवळजवळ ओरडलोच.
"काय काका, पेरताय की काय?"
घरी येऊन बिया धुतल्या. खिडकीत पेपरवर वाळायला पसरल्या.